पॅनेलची घरं

धोंडिबा मिस्त्रीला कुणी विचारलं, शिकलायस किती, तर तो म्हणायचा, "चौथी. ती बी अर्धी कानडीत आणि अर्धी मराठीत, म्हंजे दोन्हीकडं दुसरी." आणि स्वतःच हसायचा, समोरचा हसायच्या आधी.

हुबळीत गोकुळ रोडला त्याची पत्र्याची शेड. आत लोखंडी डबे, डब्यांत रिले म्हणजे विजेनं ओढले जाणारे खटके, काँटॅक्टर, टायमर आणि रंगीबेरंगी वायरींची गुंतवळ. भात उकडायच्या गिरण्या असतात ना, त्यांच्या बॉयलरला तो पॅनेल करून द्यायचा. अकरा गिरण्यांत त्याची पॅनेलं होती, सगळी चालू.

आता बॉयलर म्हणजे काय, तर झाकण घट्ट बसवलेला मोठा हंडा. खाली भाताचं तूस जळतंय, ब्लोअर वारा घालतोय, वरून वाफ निघतीय आणि त्या वाफेवर भात उकडतोय. वाफ निघाली की आतलं पाणी उतरणारच. पाण्याला तीन खुणा: भर, कमी आणि लाल. पाणी 'कमी'ला आलं की पॅनेलनं पंप चालू करायचा, 'भर'ला गेलं की थांबवायचा. काही बिघडून ते 'लाल'पर्यंत उतरलंच तर ब्लोअर थांबवून भोंगा वाजवायचा. लालच्याही खाली गेलं तर आतल्या नळ्या उघड्या पडतात, तापतात, आणि मग शेजारी उभ्या माणसाचं काय होतं ते सांगायला कुणी उरत नाही. पॅनेलचं काम एवढंच, की ते होऊ नये.

पांडुरंगशेठची गिरणी अळनावरला, दुकान हुबळीच्या बाजारात. आजोबाच्या काळात मिरजेकडून आलेली माणसं, भाषा मराठी, गिऱ्हाईक कानडी. दोन हजार पाच साली शेठनं दुसरा बॉयलर घ्यायचं ठरवलं, जुन्याच्या दुप्पट. धोंडिबाला वाटलं, पॅनेल आपलंच. पण शेठचा पुतण्या संदीप बंगळूरला शिकून आला होता, त्याच्या डोक्यात कंप्यूटरवालं पॅनेल.

शेठनं धोंडिबाला दुकानात बोलावलं. "धोंडिबा, तुझं पॅनेल नऊ वर्षं चाललंय. माझी तक्रार नाही. पण संदीप म्हणतोय, आजवर चाललं म्हणजे उद्या चालेलच असं नाही."

"मग त्याला सांगा, तू आजवर मेला न्हाईस म्हंजे उद्या मरणार न्हाईस असं बी न्हाई."

संदीप गल्ल्यापाशीच बसला होता. तो रागावला नाही. म्हणाला, "मिस्त्री, तेच म्हणतोय मी. धारवाडच्या कॉलेजात एक मॅडम आहेत. मशीन कधी चुकणारच नाही, असं त्या कागदावर सिद्ध करून देतात. त्यांना अभ्यासाला खरंखुरं मशीन पाहिजेच आहे. तुमचं पॅनेल देऊया."

शेठ म्हणाला, "मॅडमनी पास केलं तर नव्या बॉयलरला तुझं पॅनेल, माझा शब्द. नापास केलं तर बंगळूरच्या कंपनीचं. आणि मग जुनंपण उतरवावं लागेल, धोंडिबा. ठाऊक असून कसं ठेवू?"

धोंडिबा हो म्हणाला. नाही म्हणायची सोयच नव्हती. पांडुरंगशेठनं पॅनेल उतरवलं ही बातमी बाकीच्या दहा गिरण्यांत पोचायला एक आठवडी बाजार पुरे होता.

चार दिवसांनी मॅडम स्कूटीवरून शेडवर आल्या. इंदुमती नाव, धारवाडातच मळमड्डीला घर, चाळिशीच्या आतबाहेर. घरी कानडी, पण मराठी खणखणीत. तिनं शेडमधलं एक अर्धवट जोडलेलं पॅनेल उघडून बघितलं, धोंडिबाकडून वायरींचं चित्र काढून घेतलं आणि स्टुलावर बसली.

"मिस्त्री, तुमच्या पॅनेलमध्ये दोन तऱ्हेच्या गोष्टी आहेत. रिले बघा, ओढलेला नाही तर सुटलेला. मधलं काही नाही. पाण्याचं तसं नाही, ते सरकत सरकत उतरतं. एका खुणेपासून दुसरीपर्यंत त्याच्या किती जागा होतात?"

"मोजता यायच्या न्हाईत."

"कंप्यूटरलापण येत नाहीत. म्हणून आपण ते सोपं करायचं. पाण्याची चार घरं पाडायची. भरलेलं, निम्मं, कमी आणि लाल. पंप चालू किंवा थांबलेला. झाली आठ घरं. नळ्या उघड्या पडल्या की ते नववं. पाणी घराच्या आत नेमकं कुठं आहे, हे आपण विचारायचंच नाही. कुठल्या घरातून कुठल्या घरात जाता येतं, एवढंच."

धोंडिबानं डोकं खाजवलं. "म्हंजे चौकाबाराच की. गोटी घराच्या कोपऱ्यात हाय का मधी हाय, कोण बघतंय? कुठल्या घरात हाय तेवढं बघायचं."

इंदुमती खूश झाली. "बरोब्बर! आणि कवड्या कशाही पडोत. शंभर तऱ्हेनं पडोत. गोटी एकदा तरी नवव्या घरात पोचते का, ते कंप्यूटर बघणार."

"नववं म्हंजे मसणवट."

"मसणवट म्हणा."

"पण अक्का, एवढी मोठ्ठी घरं पाडली तर चुकणार न्हाई का?"

"चुकणारच. पण एकाच बाजूला चुकलं पाहिजे. नसलेला धोका दिसला तर चालतं, मग ते घर कापून दोन करायची आणि परत बघायचं. असलेला धोका लपला तर मात्र माझं सगळं काम चुलीत."

धोंडिबानं रात्री जेवताना हे जनाबाईला मोठ्या अपूर्वाईनं सांगितलं. जनाबाई म्हणाली, "ह्यात कॉलेज कशाला लागतंय? तांदूळ निवडताना खड्याबरोबर दोन दाणे गेले तर जाऊ देत्यात. खडा ठेवत न्हाईत. वाढू का अजून?"

आता घरं झाली, पण एका घरातून दुसऱ्यात जायला पाण्याला वेळ किती लागतो, ते कुठनं कळणार? त्याला रामूची वही होती. रामू हा अळनावरच्या गिरणीतला बॉयलरवाला, जवळच्याच खेड्यातला. शेठच्या हुकमानं तो रोज वहीत टाइम लिहायचा, पंप कधी चालू झाला, मग काय झालं. शेठनं ती वही परस्पर मळमड्डीला पाठवून दिली. धोंडिबानं ती बघितलीसुद्धा नाही. त्याला काय करायची होती?

तीन आठवड्यांनी इंदुमतीचा फोन आला. आवाज पडलेला. "मिस्त्री, घरी येता का? फोनवर नको."

धोंडिबा धारवाडला गेला. मळमड्डीतलं घर, पुढच्या खोलीत कंप्यूटर, त्यावर क्रोशाचं झाकण अर्धं दुमडलेलं. तिनं एक कागद त्याच्या हातात दिला आणि स्वतःच वाचून दाखवला. "पाणी कमी. पंप चालू. पाणी नाही. लाल. ब्लोअर थांबला, पण निखारे आहेत. पाणी उतरतंय. मसणवट."

"थांबा थांबा. पंप चालू, आणि पाणी न्हाई? मग पंप काय करतोय?"

"पंप चालू झाल्यावर बॉयलरमध्ये पाणी यायला चार मिनिटं लागतात. लांबून पाइप असेल."

"चार मिन्टं? पंप काय आंघोळ करून येतोय?"

"मिस्त्री, थट्टा नाही. वहीत आहे. मलापण आधी वाटलं, घरं मोठी म्हणून खोटी वाट दिसतीय. कापलं. परत तीच वाट. चार वेळा कापलं. वाट नाहीशी होत नाही." ती चष्मा पुसायला लागली. "सोमवारी शेठना कागद द्यायचाय. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं."

धोंडिबानं तो कागद उलटा धरला, सुलटा धरला. नऊ वर्षांत एकदाही भोंगा वाजलेला त्याला आठवत नव्हता. पण नऊ वर्षं झाली हे कारण इथं चालत नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. तो काही बोलणार, एवढ्यात गल्लीत एकच ओरडा झाला.

"नीर बंदाव! नीर बंदाव री!"

हुबळी-धारवाडात राहिलेल्या माणसाला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आठवड्यातून एकदा नळाला पाणी, तेही कधी येईल नेम नाही. आलं, की ज्याला पहिलं कळलं त्यानं ओरडायचं, पाणी आलं म्हणून. इंदुमती चष्मा टेबलावर टाकून उठली ती थेट परसात. धोंडिबा पाहुणा म्हणून बसून राहिला असता, पण तिकडनं हाक आली, "मिस्त्री, ती मोठी घागर आणा हो जरा!"

नळ आधी खोकला. मग नुसता वारा. मग गढूळ थेंब. चांगली तीन-चार मिनिटं गेली आणि मग धार लागली. घागरी झाल्या, पिंप झालं, बादल्या झाल्या, पातेलीसुद्धा झाली. धोंडिबा शर्टाला हात पुसत पुढच्या खोलीत आला, आणि टेबलावर उघडी पडलेली वही त्यानं सहज उचलली. अक्षर कानडी, मोठं मोठं, शाळा सोडलेल्या माणसाचं.

"अक्का," तो म्हणाला, "हे काय लिवलंय?"

इंदुमती पदर पिळत आली. "कुठं? हां. 'पंप' म्हणजे पंप चालू झाला. आणि चार मिनिटांनी, 'नीर बंदाव'. शेवटचं अक्षर घाईत खातो तो. पानापानावर खाल्लंय."

"खाल्लं न्हाई. त्यानं एवढंच लिवलंय. नीर बंद."

"तेच की. पाणी आलं."

"आलं न्हवं. बंद. थांबलं."

"अहो..."

"अक्का, रामू आमच्याकडचा. घरात मराठी बोलतोय. शाळेत तीन वर्सं गेला ती कानडी, म्हणून अक्षर कानडी. पण बंद आमचं! पंप चालू, चार मिन्टात हंडा भरला, पाणी बंद. संपलं."

इंदुमतीनं वही ओढून घेतली. एक पान बघितलं, दुसरं बघितलं, पन्नासावं बघितलं. मग खुर्चीत बसली.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे मी ह्या चार मिनिटांवर डोकं फोडतीय. आणि कन्नडमध्ये शाळेत माझा पहिला नंबर होता."

"म्हणूनच चुकलं. माझ्यासारखं दोन्हीकडं दुसरी असतं तर..."

"हसू नका हो!" असं म्हणून तीच हसायला लागली. आणि खरं सांगायचं तर तिची चूक तरी काय? ज्या गावात नळ आठ दिवस कोरडा असतो, त्या गावात पाणी बंद झालं असं कोण कुणाला सांगतं? पाणी आलं, हीच बातमी.

धोंडिबाला वाटलं, झालं काम. पण इंदुमती अशी की एकदा भाजल्यावर ताकपण फुंकून पिणार. म्हणाली, "आता मी कुणाच्या बोलण्यावर आकडा लिहिणार नाही. तुमच्यापण नाही. शनिवारी गिरणीत जाऊ, घड्याळ लावून बघू."

शनिवारी सकाळी दोघं धारवाडहून अळनावरच्या बसला बसली. गिरणीत पोचली तेव्हा रामू बनियनवर, गळ्यात टॉवेल, बॉयलरच्या तोंडात तूस ढकलत होता. मॅडमना बघून त्यानं टॉवेल खांद्यावर नीट घेतला.

"रामू," धोंडिबा म्हणाला, "वहीत तू नीर बंद लिवतोस, म्हंजे काय?"

रामू दोघांच्या तोंडाकडं बघायला लागला. आपण काय गुन्हा केला ते त्याला कळेना. "बंद म्हंजे बंद. पाणी बंद झालं. अजून काय लिवू?"

"काही नको लिहू बाबा," इंदुमती म्हणाली. "माझंच चुकलं."

तिनं घड्याळ काढलं. बॉयलरच्या अंगाला पाण्याची काच असते, आतलं पाणी कुठं आहे ते दाखवणारी. वाफ तेव्हा आधीचा भात वाळवायला चालली होती. पाणी 'कमी'ला आलं, पॅनेलमध्ये टक् झालं, पंप गुरगुरला आणि काचेत पाणी लागलीच चढायला लागलं. पंपानं आंघोळ केली नाही. चार मिनिटांत 'भर', परत टक्, पंप गप्प. इंदुमतीनं हे सहा वेळा मोजलं. सहाही वेळा तेच. धोंडिबा पॅनेलच्या पत्र्यावर हात ठेवून उभा होता, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. नवा बॉयलर कुठं बसेल, पॅनेलची केबल कुठनं न्यावी लागेल, त्याचं मनात मोजमापसुद्धा सुरू झालं होतं.

तेवढ्यात भाताचा नवा घाणा आला. हमालांनी पोती टाकीत रिकामी केली. रामूनं वाफेची चावी उघडली आणि जाता जाता, माणूस नाक पुसतो तितक्या सहज, पॅनेलवरची एक बारीक कळ 'ऑटो'वरून 'हँड'वर फिरवली.

इंदुमती खाली मान घालून आकडे उतरवत होती. धोंडिबानं बघितलं.

ती कळ त्यानंच बसवलेली. सगळ्याच पॅनेलला असते. हँडवर घेतलं की पॅनेल गप्प, पंप आणि ब्लोअर माणसाच्या हातात. रिपेरीला लागते. इंदुमतीला दिलेल्या चित्रात त्यानं ती काढली नव्हती. मुद्दाम लपवली असंही नाही. हँड म्हणजे पॅनेल नव्हेच, असं त्याच्या डोक्यात. चित्र मागितलं पॅनेलचं, दिलं पॅनेलचं.

तो रामूजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "हँडवर का घेतलंस?"

"उकडताना मधीच पंप चालू झाला तर गार पाणी आत येतंय. वाफ बसती. भात कच्चा ऱ्हातोय, शेठ बोंबलतोय. म्हणून हँड."

"किती वेळ?"

"अर्धा तास. घाणा उतरस्तवर."

"रोज?"

"दर घाण्याला. नऊ वर्सं झाली की. तुमीच बसवलाय न्हवं स्विच? लई सोय झाली बगा."

"आणि भोंगा?"

"हँडवर कुठला भोंगा?"

"मग पाणी कोण बघतंय?"

"मी हाय की! काचेवरनं डोळा काढत न्हाई." मग जरा थांबून, "च्या आला तर दारापत्तूर जातोय. लगेच येतोय."

आणि हँडवर असताना रामू वहीत काही लिहीत नव्हता, पंप आपण होऊन चालूच होत नाही तर लिहिणार काय? इंदुमतीला वाटलं होतं, त्या अर्ध्या तासात गिरणीला सुट्टी असते.

रामूनं चहा मागवला, तिघांनी तो प्याला, आणि ती दोघं बसला आली.

बसमध्ये इंदुमती खिडकीशी. ती अगदी मोकळी होऊन बोलत होती. सोमवारी नवे आकडे घालते, पास होणारच, सहज दिसतंय, आठ घरांतून मसणवटीला वाटच नाही. तिच्या मांडीवर वही, वहीत चौकोन आणि बाण. धोंडिबा हुं हुं करत होता. पुढच्या सीटवर एक बाई टोपलीत कोंबड्या घेऊन बसली होती, त्यातली एक मान बाहेर काढून त्याच्याकडंच बघत होती. त्यानं तोंड फिरवलं. निगदीचा थांबा गेला. गप्प बसलं तर काय होतं? कागद मिळतो. त्याच्या नावाचा, कॉलेजच्या बाईच्या सहीचा, हे पॅनेल कधी चुकणार नाही म्हणून. तो शेठच्या दुकानात फ्रेम करून लागला असता. आणि रामू तर नऊ वर्षं उभा होताच काचेपुढं.

धारवाडची घरं दिसायला लागली तेव्हा तो म्हणाला, "अक्का, अजून घरं काढावी लागतील."

"कसली?"

"हँडची."

त्यानं सगळं सांगितलं. इंदुमती ऐकून घेऊन म्हणाली, "ही कळ तुमच्या चित्रात नव्हती."

"नव्हती."

"का?"

"हँड म्हंजे माणूस. माणसाला घर कसं काढायचं?"

"माणसाला सगळ्यात सोपं. तो काहीही करेल असं धरायचं. आणि काहीच करणार नाही, असंपण धरायचं."

"म्हंजे रामू च्या प्यायला गेला आणि दारात कुणी भेटलं..."

"तर ब्लोअर चालू, पंप थांबलेला, भोंगा नाही. कमी, लाल, मसणवट. सरळ रस्ता आहे, मिस्त्री. ह्याला कंप्यूटर कशाला?"

"मग नापास."

"नापास."

बस स्टँडात वळली. कोंबड्यांची बाई उतरली. इंदुमती बसूनच होती. "तुम्ही बोलला नसता तर मला कळलं नसतं."

"ठावं हाय मला," धोंडिबा म्हणाला आणि उतरला.

का बोललास, असं जनाबाईनं घरी विचारलं. "बसमधी डोकं दुखत हुतं," एवढंच तो म्हणाला.

सोमवारी इंदुमतीनं सोळा घरं आणि मसणवट कंप्यूटरला घातली. नापास. वाट दोन ओळींची. मंगळवारी धोंडिबा तिच्या घरी खाली फरशीवर खडूनं रिलेचं चित्र काढत बसला. पाणी लालला आलं की हँड मेला पाहिजे. ब्लोअर आपण होऊन थांबला पाहिजे, पंप चालू झाला पाहिजे, भोंगा वाजला पाहिजे, माणूस तिथं असो नाही तर नसो. एक रिले आणि तीन वायरी. भात उकडताना रामूला हँड वापरू दे, लालच्या वर खुशाल. इंदुमतीनं तेही घातलं. ह्या वेळी कंप्यूटरनं पाऊण तास घेतला. पास.

दोन कागद झाले. पहिला नापास, दुसरा बदल करून पास. इंदुमतीनं दोन्हीवर सही केली. पहिला फाडून टाकते असं ती म्हणाली नाही, आणि धोंडिबानं मागितलंही नाही.

शेठच्या दुकानात दोन्ही कागद गादीवर शेजारी शेजारी पसरले. संदीप म्हणाला, "काका, म्हणजे नऊ वर्षं पॅनेल चाललं ते रामूच्या डोळ्यांवर."

"तुझ्या कंपनीच्या पॅनेलला हँड हाय का?" धोंडिबानं विचारलं.

"असणारच ना, मिस्त्री. सगळ्यांनाच असतो."

"मग ते बी अक्काला दाखव."

"कंपनी चित्र देत नाही. विचारलं मी. त्यांचा धंदा आहे तो."

पांडुरंगशेठनं दोन्ही कागदांवर हात ठेवले. मग म्हणाला, "धोंडिबा, तू सांगितलंस म्हणून कळलं, हे मी विसरणार नाही. जुन्याला तुझा रिले बसव, जुनं पॅनेल राहील. पण नव्याला..." त्यानं पहिला कागद बोटानं सरकवला. "हा कागद मी बघितलाय. घरात सगळ्यांनी बघितलाय. उद्या काही झालं तर मला म्हणतील, तुला ठाऊक होतं."

"बरं," धोंडिबा म्हणाला. शेठनं चहा सांगितला, तो त्यानं घेतला. नवा बॉयलर दिवाळीनंतर बसला, त्याला बंगळूरचं पॅनेल लागलं, राखाडी रंगाचं, वर छोटा पडदा. इंदुमतीनं कंपनीला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. रामूला त्या बॉयलरवर घेतलं, तेव्हा धोंडिबानं त्याला एवढंच सांगितलं, "च्या मागवायचा तर काचेपाशी मागव."

मग धोंडिबानं पिशवी भरली. स्क्रूड्रायव्हर, पकड, दहा रिले, वायरीची भेंडोळी. कुणी बोलावलं नव्हतं. बाकीच्या दहा गिरण्यांत तो बसनं फिरायला लागला, एका दिवशी एक. कुठं शेठ विचारायचा, बिघडलं काय? तो म्हणायचा, बिघडायच्या आधी आलोय. कुठं चहा मिळायचा, कुठं दारातच थांबवायचे.

चौथ्या गिरणीत महेश म्हणून बॉयलरवाला होता, तोंडाचा फटकळ. धोंडिबानं रिले बसवला आणि म्हणाला, "हँडवर घे, आणि पाणी उतरू दे. मी हाय उभा."

पाणी उतरत उतरत लालला आलं. टक् झालं. ब्लोअर थांबला, पंप चालू झाला आणि भोंगा असा काही वाजला की बाहेरचे हमाल पोती टाकून आत आले.

महेश ओरडला, "अहो मिस्त्री, हँडवर हाय की! हँडवर कसं काय वाजतंय?"

"लालला हँड चालत न्हाई आता. वर चालतंय."

"मग आमच्या हातात काय ऱ्हायलं?"

"वरचं सगळं."

"ह्याला हँड म्हणत्यात व्हय? नऊ-धा वर्सं नीट चाललं हुतं, आलंय मोठं सुधरायला."

काचेत पाणी चढत होतं. धोंडिबानं ते 'कमी'च्या वर जाईपर्यंत बघितलं, मग पॅनेलचं दार लावलं आणि शेवटचा स्क्रू आवळला.

"म्हण काय म्हणायचं ते," तो म्हणाला. "अजून सहा राहिल्यात. हुबळीची बस कितीला हाय?"